दोन फोटॉनांची गाठ : रुथेनियम-कूमरिन कामाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

नवी वही, नवं काम. या वेळी नोंदी मराठीत ठेवायचं ठरवलंय. इंग्रजीत लिहिताना छापील वाक्यं आपोआप उतरतात. मराठीत लिहायला बसलं की काय समजलंय आणि काय नुसतं पाठ झालंय ते लगेच कळतं.

विषय फोटॉन अपकन्व्हर्जन. कमी ऊर्जेचे दोन फोटॉन द्यायचे आणि जास्त ऊर्जेचा एक परत घ्यायचा. हिरवा प्रकाश आत, निळा बाहेर. पदार्थातून परत येणारा प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षा लांब तरंगलांबीचा असतो, हे स्टोक्सनं १८५२ मध्ये मांडलं. इथे उलटं दिसतं, पण ऊर्जा फुकट कुठूनच येत नाही. दोघांची मिळून एकाला जाते. पार्कर आणि हॅचर्ड यांनी द्रावणात हे १९६२ मध्ये दाखवलं. या शतकाच्या सुरुवातीला कॅस्टेलानो यांच्या गटानं रुथेनियमची कॉम्प्लेक्सं (धातूभोवती रेणू जोडलेली संयुगं) वापरली आणि साध्या, कमी शक्तीच्या लेझरवरही हे दिसू लागलं.

साखळी अशी. रुथेनियमचं कॉम्प्लेक्स प्रकाश शोषतं; धातू जड असल्यामुळे शंभर फेम्टोसेकंदांच्या आतच ते सिंग्लेट अवस्थेतून (इलेक्ट्रॉनांच्या स्पिन उलट) ट्रिप्लेट अवस्थेत (स्पिन समांतर, म्हणून जास्त टिकणारी) उतरतं. हा झाला सेन्सिटायझर. त्याची ऊर्जा शेजारून जाणारा डीपीएचा (९,१०-डायफिनाइलअँथ्रासीनचा) रेणू टक्कर होताना उचलतो. डीपीएचा ट्रिप्लेट काही मिलिसेकंद टिकतो, रेणूंच्या जगात हा फार मोठा काळ. तेवढ्यात असाच दुसरा ट्रिप्लेट भेटला तर एक खाली येतो, दुसरा सिंग्लेटपर्यंत चढतो आणि निळा प्रकाश देतो.

आकडे फळ्यावर लिहून ठेवले : रुथेनियमचा ट्रिप्लेट साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, डीपीएचा १.७७. दोन डीपीए मिळून ३.५४, आणि चढायचंय सुमारे ३.१ पर्यंत. म्हणजे शिडीच्या पायऱ्या जुळतात. फोटॉन किती आणि कसे गोळा करायचे, ते पुढच्या काही महिन्यांचं काम.

१४ जून, शुक्रवार

आज संदर्भ द्रावण केलं. तीन बायपिरिडिनवालं साधं रुथेनियम कॉम्प्लेक्स, सोबत डीपीए, ॲसिटोनायट्राइलमध्ये. अंधाऱ्या खोलीत ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर क्युवेटमधून (चौकोनी काचेच्या भांड्यातून) सोडला. आधी फक्त नारिंगी द्रावण आणि पलीकडच्या कागदावर हिरवा ठिपका. डोळे सरावले तशी लेझरच्या वाटेवर एक निळसर रेघ उमटली. दोऱ्याएवढी बारीक, कडांना विरघळल्यासारखी. एमएस्सीचा मुलगा म्हणाला, "ताई, हे खरंच निळं आहे की मला भास होतोय?" मी लेझर बंद केला, रेघ गेली. चालू केला, परत आली. त्यानं स्वतः चार वेळा चालू-बंद करून पाहिलं.

मग नुसतं रुथेनियम घेतलं : रेघ नाही. नुसता डीपीए : रेघ नाही. दोन्ही एकत्र : आहे. ही तीन द्रावणं यापुढे प्रत्येक मोजणीआधी करायची, कितीही घाई असली तरी.

आता या साध्या कॉम्प्लेक्सचे दोन दोष. पहिला, ते प्रकाश फार शोषत नाही. ४५२ नॅनोमीटरला, म्हणजे दृश्य प्रकाशातल्या त्याच्या सर्वांत उंच शिखरावरही, मोलर शोषणांक (किती जोरात शोषतं त्याचं माप) १४,६०० च्या आसपास. दहा मायक्रोमोलर द्रावणाच्या एक सेंटिमीटरमधून जाताना जेमतेम २९ टक्के प्रकाश अडतो. शोषणांक ५०,००० असता तर तेवढ्याच द्रावणात ६८ टक्के अडला असता.

दुसरा दोष मला जास्त खुपतो. त्याचा ट्रिप्लेट एक मायक्रोसेकंदही टिकत नाही. ऑक्सिजन काढलेल्या ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.८७ मायक्रोसेकंद धरू. ऊर्जा देण्याचा वेग दोन अब्ज प्रति मोलर प्रति सेकंद धरला आणि डीपीए ०.१ मिलिमोलर असेल, तर शंभरातले फक्त १५ ट्रिप्लेट डीपीएपर्यंत पोचतात. बाकीचे वाटेतच विझतात. आयुष्य ५० मायक्रोसेकंद असेल तर तेवढ्याच डीपीएमध्ये ९१ पोचतात. डीपीए वाढवावा म्हटलं तर ॲसिटोनायट्राइलमध्ये तो फार विरघळत नाही.

२६ जून, बुधवार

साध्या कॉम्प्लेक्सच्या जागी रुथेनियमचे दोन उमेदवार ठरले.

क-१ : बायपिरिडिनला अमाइडच्या साखळीनं जोडलेलं कूमरिन (एक चमकणारं सेंद्रिय रंगद्रव्य). हे आमच्या एका आधीच्या सीनियरनं बनवून ठेवलेलं आहे, फ्रिजमध्ये बाटली मिळाली. कूमरिन आणि धातू यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांना सलग वाट नाही.

क-२ : कूमरिन थेट फिनँथ्रोलिनच्या पाठीवर, इमिडाझोलच्या कड्यानं जोडलेलं. इथे वाट सलग आहे. चीनमधल्या दालियान इथल्या चाओ यांच्या गटानं कूमरिन आणि रुथेनियमची अशी प्रकाश गोळा करणारी कॉम्प्लेक्सं अपकन्व्हर्जनसाठी वापरली आहेत, त्यावरून ही दिशा घेतली.

कूमरिनच का? सातव्या जागी डायइथाइलअमिनो गट असलेलं कूमरिन ४३० ते ४५० च्या पट्ट्यात जोरकस शोषतं, पिवळा रंग त्याचाच. आणि त्याचा ट्रिप्लेट रुथेनियमच्या ट्रिप्लेटच्या आसपास येण्याची शक्यता आहे. तसं झालं तर ऊर्जा धातू आणि लिगँड (धातूला जोडलेला रेणू) यांच्यात ये-जा करत राहते आणि आयुष्य लांबतं. पायरीन जोडलेल्या रुथेनियमच्या बाबतीत फोर्ड आणि रॉजर्स यांनी १९९२ मध्ये हेच दाखवलं होतं.

सर म्हणाले, "दोन्ही करा. एकच केलंत तर फायदा शोषणानं झाला की आयुष्यानं, ते कधीच सांगता येणार नाही." हे मला आधी सुचायला हवं होतं.

१ जुलै, सोमवार

पालख्या शहरात. निम्मे रस्ते बंद, प्रयोगशाळेत दोघंच. फिनँथ्रोलिन-डायओन लावलं. फिनँथ्रोलिन आणि पोटॅशियम ब्रोमाइड बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये, वरून थेंबथेंब तीव्र सल्फ्युरिक आणि मग नायट्रिक आम्ल. आम्ल पडताच ब्रोमीनची लालसर तपकिरी वाफ कंडेन्सरमध्ये चढते. फ्यूम हूडची काच खाली, दोन हातमोजे, आणि त्या तीन तासांत कुणी जेवायला जायचं नाही असं ठरलं. संध्याकाळी बर्फावर ओतून उदासीन केलं, डायक्लोरोमिथेनमध्ये काढलं. रोटावर आटल्यावर पिवळ्या सुया.

८ जुलै, सोमवार

डायओन, कूमरिनचं अल्डिहाइड आणि अमोनियम ॲसिटेट ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये रिफ्लक्सला. गार करून अमोनियानं उदासीन केलं. आधी काहीच नाही, मग एकदम सगळा फ्लास्क केशरी-पिवळ्या गाळानं भरला. लिगँड झाला. वस्तुमान बरोबर आलं.

१५ जुलै, सोमवार

रुथेनियम जोडलं. दोन बायपिरिडिन आणि दोन क्लोराइडवालं रुथेनियम इथेनॉल-पाण्यात जांभळं दिसतं. लिगँड घालून तापवत नेलं. पहिल्या अर्ध्या तासात जांभळ्याचं मद्यासारखं लाल झालं, मग हळूहळू लालसर नारिंगी. क्लोराइड सुटून लिगँड बसल्याची ही खूण डोळ्यांना दिसते, यंत्राची वाट पाहावी लागत नाही. गाळून त्यात अमोनियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचं द्रावण घातलं, नारिंगी भुकटी खाली बसली.

घाईनं उत्सर्जन मोजलं. ५०० च्या आसपास प्रचंड शिखर, आणि ६१० ला, जिथे रुथेनियमनं चमकायला हवं, तिथे किरकोळ उंचवटा. म्हणजे कूमरिन शोषलेली ऊर्जा धातूला देतच नाही, स्वतःच उधळून टाकतं! सलग वाट असूनही असं का व्हावं? रात्रभर हेच डोक्यात.

१६ जुलै, मंगळवार

सकाळी सर्वांत आधी टीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी पातळ थराची चाचणी) केली. ३६५ च्या दिव्याखाली प्लेट धरली : कॉम्प्लेक्सचा लालसर ठिपका तळाशी, आणि वर, सॉल्व्हंटच्या रेषेजवळ, हिरवट निळा ठिपका इतका लख्ख की शेजारचा पेन्सिलचा आकडा त्याच्या उजेडात वाचता आला. सुटा लिगँड. न जोडलेला, धुताना राहून गेलेला.

फ्लुओरेसेन्समध्ये हीच फसगत होते. वजनानं एक टक्का अशुद्धी असली आणि ती जोरात चमकणारी असली, तर पूर्ण स्पेक्ट्रमवर तिचंच राज्य. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या मोजणीत) ती गोंगाटात लपून जाते. यापुढे नियम : टीएलसीवर वरचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत एकही मोजणी नाही.

सिलिकाचा कॉलम टाकला. ॲसिटोनायट्राइल, पाणी आणि पोटॅशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण, शंभरास नऊ आणि एक. सुटा लिगँड पिवळी कडी होऊन आधी उतरला, नारिंगी पट्टा मागे राहिला आणि तासाभरानं सावकाश खाली आला. पुन्हा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट क्षारात बदलला. आता ५०० चं शिखर जवळपास गेलं, ६१० चं उभं राहिलं, आणि कूमरिनला उत्तेजित केलं तरी ६१० लाच प्रकाश येतो. ऊर्जा धातूकडे जाते आहे.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्याकडची दोन मुलं घरीच अडकली. फोन झाला, सुखरूप आहेत. द्रव नायट्रोजनची गाडी आली नाही, त्यामुळे गोठवून-उपसून ऑक्सिजन काढणं शक्य नव्हतं. मी अर्धा तास आर्गॉन बुडबुडवून भागवायला गेले.

क-२ चं अपकन्व्हर्जन संदर्भापेक्षाही कमी आलं. मग लक्षात आलं की आकडा स्थिरच नाही. लेझरखाली ठेवलं तर वाढत जातो. उरलेला ऑक्सिजन प्रकाशातच खर्च होत होता. ट्रिप्लेट ऑक्सिजनला ऊर्जा देतो, सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो, आणि तो डीपीएलाच चिकटून एंडोपेरॉक्साइड बनवतो. म्हणजे मोजता मोजता आपण आपलाच डीपीए जाळत असतो. आयुष्य लांब असलेल्या कॉम्प्लेक्सला हा त्रास जास्त, कारण ऑक्सिजनला त्याला गाठायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. आजचे सगळे आकडे खोडले.

३० जुलै, मंगळवार

नायट्रोजन आला. चार वेळा गोठवलं, उपसलं, वितळवलं. चौथ्या वेळी वितळताना बुडबुडा आला नाही.

नायट्रोजन हातात आहे तर ७७ केल्विनला उत्सर्जनही मोजलं, इथेनॉल-मिथेनॉलच्या काचेत. नुसत्या रुथेनियमचं शिखर गोठल्यावर ६१० वरून ५८० च्या जवळ सरकतं. ट्रिप्लेट धातूकडून लिगँडकडे सरकलेल्या भाराचा असतो आणि गोठलेलं सॉल्व्हंट त्याला सावरून घेऊ शकत नाही, म्हणून. क-१ अगदी तसंच वागलं. क-२ जवळजवळ हललंच नाही, आणि शिखराला पायऱ्या दिसल्या. म्हणजे क-२ मध्ये ऊर्जा शेवटी कूमरिनच्या ट्रिप्लेटवर बसते. शिखर ६०० च्या आसपास, म्हणजे साधारण २.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. डीपीएच्या १.७७ पेक्षा सुखरूप वर.

६ ऑगस्ट, मंगळवार

दुसऱ्या विभागातल्या फ्लॅश फोटोलिसिसवर (ट्रिप्लेट किती टिकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) दुपारचे दोन तास मिळाले.

क-१ : एक मायक्रोसेकंदाच्या आत, संदर्भाइतकंच. कूमरिन प्रकाश गोळा करतं, धातूला देतं, आणि त्याचा संबंध तिथे संपतो.

क-२ : पडद्यावरची रेघ खाली यायलाच तयार नाही. वेळेची खिडकी दोनदा मोठी करावी लागली. सुमारे २६ मायक्रोसेकंद. तीसपट! यंत्र सांभाळणारे काका म्हणाले, "पुन्हा एकदा घ्या, मग आनंद करा." पुन्हा घेतलं, नव्या द्रावणावर. तेच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

लेझरची शक्ती बदलत निळा प्रकाश मोजला, ४७३ च्या लेझरवर. लॉग-लॉग आलेखावर कमी शक्तीला उतार दोनच्या जवळ, जास्त शक्तीला एककडे वळतो. दोन ट्रिप्लेटांची गाठ लागते म्हणून सुरुवातीला वर्ग. गर्दी पुरेशी झाली की जवळपास प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि उतार सरळ होतो. हे वळण जितक्या कमी प्रकाशात येईल तितकं सूर्यप्रकाशात काम होण्याची आशा. क-२ चं वळण संदर्भाच्या आणि क-१ च्या खूप आधी येतं. या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला आलेख.

मुलाला एक गोष्ट बजावली. दोन फोटॉन देऊन एक मिळतो, म्हणून क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांमागे बाहेर आलेले फोटॉन) जास्तीत जास्त ५० टक्के. पण काही जण दोननं गुणून तो शंभरपैकी सांगतात. दोन्ही पद्धती रूढ आहेत. आपण कुठली वापरली ते प्रत्येक तक्त्याखाली लिहायचंच. न लिहिता तुलना केली तर सरळ दुप्पट चूक होते, आणि ती वाचणाऱ्याच्या माथी जाते.

२० ऑगस्ट, मंगळवार

आठवडाभर एक कोडं. कागदावरच्या हिशोबानं क-२ चा निळा प्रकाश जेवढा यायला हवा त्याच्या निम्म्याच्या आसपास येतोय. शोषण चांगलं, आयुष्य चांगलं, डीपीएकडे ऊर्जा जाते हेही तपासलं, ऑक्सिजन नाही. मग गळती कुठे?

आज डीपीएचा नुसता स्पेक्ट्रम आणि क-२ मधून आलेला निळा स्पेक्ट्रम पारदर्शक कागदावर छापून एकमेकांवर ठेवले. ४१० चा खांदा जुळतो. ४३० चं शिखर मात्र क-२ मध्ये बसकं आहे, कुणी वरून चावा घेतल्यासारखं.

चावा कूमरिनचाच! ४३० ते ४५० मध्ये जोरकस शोषण हवं म्हणून ते निवडलं, आणि डीपीए नेमका तिथेच प्रकाश देतो. जो ॲण्टेना प्रकाश आत आणणारा, तोच बाहेर पडणारा माल वाटेत खातो. हिशोब केला : ४३० ला शोषणांक ४०,००० आणि कॉम्प्लेक्स १० मायक्रोमोलर धरलं, तर क्युवेटच्या मध्यातून काचेपर्यंतच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये ३७ टक्के निळा प्रकाश संपतो.

जास्त शोषण म्हणजे जास्त फायदा, असं मी जूनपासून गृहीत धरून चालले होते. शोषणांक किती, एवढंच विचारलं. कुठे शोषलंच जाऊ नये, हे विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

लेझरची वाट डिटेक्टरच्या बाजूच्या काचेपासून दीड मिलिमीटरवर आणली. ४३० चं शिखर लगेच वर आलं. मग कॉम्प्लेक्स १० वरून २ मायक्रोमोलर केलं. चावा जवळजवळ दिसेनासा. आत शोषला जाणारा प्रकाश कमी झाला हे खरं, पण शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे निळा प्रकाश वाढला. इतक्या पातळ द्रावणात क-१ चं अपकन्व्हर्जन गोंगाटाच्या वर जेमतेम येतं, क-२ चं स्वच्छ दिसतं. लांब आयुष्याचा उपयोग इथे झाला : कमी रेणूंत काम भागतं, आणि कमी रेणू म्हणजे कमी चावा.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. खालच्या चौकातून ढोलाचा आवाज. मुलगा म्हणाला, "ताई, ट्रिप्लेटचं पण असंच ना? एक खाली बसतो म्हणून दुसरा वरपर्यंत पोचतो." जवळपास बरोबर. फरक इतकाच की थरातला खालचा गडी उभाच राहतो. आपला पहिला ट्रिप्लेट होतं नव्हतं ते सगळं देऊन पार जमिनीवर येतो. आणि प्रत्येक गाठीतून सिंग्लेट मिळतोच असं नाही, स्पिन जुळून यावी लागते. त्यानं वहीच्या मागच्या पानावर थरांचं चित्र काढलं आणि शेजारी ऊर्जेच्या रेषा. सेमिनारमध्ये हेच दाखव म्हटलं.

४ सप्टेंबर, बुधवार

सरांबरोबर दीड तास फळ्यावर. पुढचा लिगँड ठरवायचा होता. या वेळी उलट्या टोकानं सुरुवात केली : आधी निळ्या प्रकाशाला जायला रिकामी खिडकी, मग शोषण.

बोडिपी (बोरॉन असलेलं एक रंगद्रव्य) ५०० च्या आसपास अरुंद पट्ट्यात शोषतं आणि ४३० ते ४७० बरंचसं मोकळं सोडतं. पण आयोडीन जोडलेल्या बोडिपीचा ट्रिप्लेट १.६ च्या आसपास. डीपीएच्या १.७७ खाली, म्हणजे डीपीए चालणार नाही. मग डीपीएच्या जागी पेरिलीन : ट्रिप्लेट १.५३, दोन मिळून ३.०६, चढायचंय २.८ च्या आसपास. जुळतं, पण सेन्सिटायझर आणि पेरिलीनमध्ये अंतर फार थोडं राहतं. थोडं इकडेतिकडे झालं तर ऊर्जा उलटी वाहेल. सरांना पेरिलीनवर विश्वास आहे. माझा जीव अजून डीपीएत अडकलाय, त्याची चमक जवळजवळ शंभर टक्के आहे. शेवटी दोघंही पेरिलीनवर आलो, कारण चावा टाळायचा तर दुसरा रस्ता दिसत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. आज प्रयोगशाळेत शांतता. पेरिलीनची बाटली आली; बारीक सोनेरी पिवळे पापुद्रे. चिमूटभर टोल्युइनमध्ये टाकले आणि खिडकीच्या उजेडात धरले, द्रावणाच्या कडेला निळी झाक.

फळ्यावर नव्या शिडीचं चित्र आहे, पाच रेषा आणि त्यांचे आकडे. क-२ ची उरलेली भुकटी मोजली, ३८ मिलिग्रॅम. दोन बाटल्यांत वाटली, अंधारासाठी फॉइल गुंडाळलं. लेबलवर तारीख, वजन आणि "टीएलसी स्वच्छ" असं मुलानं लिहिलं. बोडिपीच्या पहिल्या टप्प्यासाठी उद्या पायरोल ऊर्ध्वपातित करून घ्यायचंय. बाटलीतलं काळं पडलंय.